मंदाच्या मांडवाचा खांब

बूढापारा, रायपूर
१२ नोव्हेंबर २००२

प्रिय मंदे,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलंबिलं नाही. श्यामराव ठणठणीत आहेत. कालपासून माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून निवांत लिहायला बसले. फोनच करणार होते, पण तुमचा फोन बैठकीत आणि बैठकीत यशवंतराव. त्यांच्यासमोर तुला हूं-हूं करावं लागेल असा विषय आहे. म्हणून हे पत्र आधी एकटीनं वाच. मग फाड नाहीतर ठेव, तुझी मर्जी.

तर बाई, आपलं रायपूर राजधानी झालं त्याला दोन वर्षं झाली. बूढातलावाच्या काठानं आता लाल दिव्याच्या गाड्या इतक्या फिरतात की भाजीवालीसुद्धा दिसेल त्याला साहेब म्हणून राहिली. आणि राजधानी म्हटली की समित्या आल्या. आमच्या वॉर्डालाही एक मिळाली, खेळ, संस्कृती आणि वारसा समिती. तिन्हींना मिळून एकच, कारण कचेरीत खोलीच एक रिकामी होती. अध्यक्ष आहेत ते भैयाजी, त्यांचं सायकलचं दुकान. इतिहासाचे जाणकार म्हणून एक निवृत्त विमा एजंट घेतलेत. आणि कागद लिहायला बाबू म्हणून आमचे श्यामराव. मार्चमध्ये रिटायर होतात, तोवर एकही चूक करायची नाही असं ठरवून बसलेत. तिथंच घात झाला.

समितीला काम दिलं होतं की वॉर्डात जे जे आहे त्याची यादी करा. कागदाला तीन रकाने, खेळ, संस्कृती, वारसा. एक वस्तू एकाच रकान्यात बसली पाहिजे, दोनात लिहिली तर कागद वरून परत येतो. ही मंडळी यादी करत करत तलावामागच्या आपल्या मैदानावर कधी आली? नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी! तुला माहीत आहेच, लोक दसऱ्याला हत्यारं-अवजारं पुजतात, आपण खो-खोचा खांब पुजतो. तूच सुरू केलेली पद्धत ती. खांब धुवायचा, जवसाचं तेल चोळायचं, हळदकुंकू, झेंडूची माळ. तीस वर्षं मी माझ्या पोट्ट्यांकडून ते करून घेते. पलीकडचा खांब लोखंडी पाइपचा, त्याला कधी कोणी हळद लावली नाही. त्यामुळे तो बिचारा वाचला.

माळ पाहून भैयाजींनी चपला काढल्या. अध्यक्षांनी काढल्या म्हणून सगळ्यांनी काढल्या. मग त्या विमा एजंटाला खांबावर कोरलेल्या खुणा दिसल्या. त्यांनी बोट लावून लावून मोजल्या, तर भरल्या नऊ. झालं! नवग्रह स्तंभ, बहुधा कलचुरी काळातला. अगं, त्या खुणा आपण नऊजणींनी तुझ्या आईच्या विळीनं पाडल्या होत्या. शनीची म्हणून ते जिला हात जोडतात ना, ती शारदाची आहे. तिचा हात तेव्हाही वाकडा चालायचा. आणि श्यामरावांनी सगळं जसंच्या तसं वारसा रकान्यात उतरवलं! ज्या माणसानं तीस वर्षं मला त्या खांबाशी झटताना पाहिलं, त्या माणसानं! मी विचारलं, काहून लिहिलं हो असं? तर म्हणतात, साहेब सांगतील ते मी लिहून राहिलो, मले कोणी विचारलं काय?

आता मैदान खेळ रकान्यात आणि मैदानाचा एक खांब वारसा रकान्यात. खांबाभोवती साखळी लागली, पाटी लागली, दहा फुटांच्या आत खेळायला मनाई. शनिवारी पुरानी बस्तीतून बायका तेल वाहायला येतात. एकीच्या पोराला मंत्रालयात नोकरी लागली, तेव्हापासून तर रांग असते. मी भैयाजींना जाऊन सांगितलं की खो-खोला दोन खांब लागतात. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि उपाय सुचवला की लोखंडी खांबाकडून पळत यायचं, साखळीपाशी नमस्कार करायचा आणि परत फिरायचं. यात व्यायाम तेवढाच होतो म्हणे.

हसू नकोस, मलाही आधी हसूच आलं. पण एक तारखेला नव्या राज्याच्या संघाची निवड आहे. राज्याचा पहिलाच मुलींचा संघ, मंदे! माझ्या चार पोट्ट्या त्यात जाऊ शकतात. दीक्षा तर नक्कीच. चौदा वर्षांची आहे, बाप दयाराम शहराबाहेरच्या उरल्यात रोलिंग मिलमध्ये पाळ्या करतो. तिथून ही रोज सायकल हाणत येते, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. खांबावर अशी झेप घेते की मला तू दिसतेस. खरंच सांगते, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शिट्टी वाजवायची विसरले. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. परवा साखळीजवळ उभी राहून म्हणाली, मॅडम, एक खंबे का खो-खो खेलने वाली लड़की को कौन लेगा? महिना झाला, त्या पोरी लाकडी खांबाला हात लावू शकल्या नाहीत. लोखंडावर झेप घेऊन दोघींचे खांदे सोलपटले.

आता मुद्द्यावर येते. सव्वीस तारखेला समितीपुढे सुनावणी आहे. खांब कुठून आला हे कोणी लेखी सांगितलं, सहीनिशी, तर नाव वारशातून काढून खेळात टाकता येईल. हा खांब म्हणजे एका लग्नाची मुहूर्तमेढ आहे एवढं मी बोलून गेले. तर तो विमा एजंट उलटतपासणी करून राहिला. लग्नाची मेढ मैदानावर कशी आली? लग्न कोणाचं? झालं की मोडलं? श्यामरावांनी लगेच त्याचा अर्ज तयार केला, प्रत्येक प्रश्नाला एक रकाना. शारदाला बिलासपूरला विचारलं, तर ती म्हणते मी त्या वर्षी आजारी होते. धडधडीत खोटं! सगळ्यात पुढे खांदा तिनंच दिला होता. बाकीच्यांचा पत्ता नाही. राहिले मी.

मंदे, मी तुझी शपथ घेतली होती की तुझं पहिलं जमलेलं लग्न अकोल्याला तुझ्या सासरी कधी कळणार नाही. अडतीस वर्षं पाळली. पण त्या माघातली एक गोष्ट मला रोज आठवते आहे. अंगणात मांडव घातला होता, तुझ्या बाबांनी, दत्तोपंत काकांनी, मालधक्क्यावरून सागाची मेढ निवडून आणली होती, तुझ्या आईनं तिला हळद लावून पिवळ्या फडक्यात सुपारी बांधली होती. लग्न अकरा तारखेचं आणि आपली फायनल तेराची. लग्नाला चार दिवस होते, तरी तू परकर खोचून मैदानावर आलीच. आणि गोंदियाच्या पॅसेंजरनं आलेले तुझे होणारे सासरे आणि त्यांचे भाऊ तुमच्या घरी जायचे सोडून मैदानाच्या काठावर कसे येऊन बसले, देव जाणे. तू खांबावर झेप घेतलीस, जुना खांब कुजका होता तो कडकन मोडला, आणि तू खांबासकट त्या भावाच्या मांडीवर! त्यांची टोपी तलावात. संध्याकाळच्याच पॅसेंजरनं दोघं परत गेले.

मग काकांनी मेढ उपटली आणि म्हणाले, हे माझ्या डोळ्यांसमोरून न्या. आपण नऊजणींनी ती भर बाजारातून खांद्यावर नेली. खड्डा तू खणलास. रडत नव्हतीस, नुसती खणत होतीस. त्यानंतर काका तुझ्याशी नीट बोललेच नाहीत. वर्षाच्या आत तुला अकोल्याला दिलं, आणि तू परत कधी मैदानात उतरली नाहीस. दरवेळच्या पत्रात लिहितेस, माझ्या हट्टानं बाबांची मान खाली गेली. दरवेळी वाचते आणि उत्तरात हवापाणी लिहिते.

काल मी श्यामरावांना म्हटलं, मोडलेलं लग्न माझंच होतं असं लिहिते, म्हणजे मंदाचं नाव येणार नाही. आधी एक लग्न मोडलेली म्हणून काय व्हायचं ते होऊ दे, तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा. तर ते खवळलेच. म्हणाले, आधीच एक खोटं लिहून मैदान बंद करून बसलो, आता दुसरं लिहायला लावून राहिली काय? खरं लिहायची हिंमत नसेल तर अर्ज फाड. तेव्हापासून बोलत नाहीत. आणि मंदे, त्यांना अजून खरं काय ते माहीतही नाही.

मघाशी देव जाणे लिहिलं, पण देवाला मी उगाच मधे घातलं. त्या दोघांना मैदानावर मी आणून बसवलं. रिक्षा स्टँडवर त्यांनी दत्तोपंतांचं घर विचारलं. मी म्हटलं, चला दाखवते, आणि तुमच्या गल्लीवरून पुढे नेलं. घरचे बाजारात गेलेत, घटकाभर बसा म्हणून नेमकं खांबाजवळ बसवलं. तू गेली असतीस तर नववा गडी नव्हता आणि खांबावर झेपणारं कोणीच नव्हतं. मला वाटलं होतं, ते चिडतील, तारीख पुढे जाईल, एवढंच. आणि इतकं करून फायनल आपण एका गुणानं हरलो! पुढे मी शिकले, मास्तरीण झाले, सगळं आयुष्य त्या मैदानावर काढलं. तुझ्या वाट्याचं. तुझा काही दोष नव्हता, मंदे, कधीच नव्हता. काका असताना हे सांगायला हवं होतं, ती हिंमत झाली नाही, त्याची मला लाज वाटते. अर्ज समोर आहे. मांडव कोणाचा, लग्न कोणाचं, हे रकाने पेन्सिलीनं भरलेत, तू हो म्हणशील तरच शाईनं गिरवीन, नाही म्हणालीस तर पुसून टाकीन आणि पोरींना काय सांगायचं ते सांगेन. एकच रकाना आज सकाळी शाईनं भरून ठेवला. लग्न मोडण्याचं कारण : वनमाला.

अजून म्हणू देशील तर,
तुझीच
वनमाला