वाडीत आजारी कोणीच नाही

करंजाडे, पनवेल
शनिवार, सकाळ

ती. दाजींना कोमलचा नमस्कार.

आम्ही सगळे मजेत. ताईचा गुडघा काय म्हणतो? माझ्या भाचीचा, अंकिताचा, अभ्यास कुठवर आला? (ती फोन उचलत नाही, म्हणजे चालू असावा.) खुशाली संपली, आता भांडण.

तुमच्या पुण्याच्या ऑफिसात राज्याच्या तब्येतीचा तो नकाशा बनतो ना, बीपीचे रुग्ण जास्त तिथे लाल आणि नाहीत तिथे हिरवा, त्यात आमची खाडीकाठची कोळ्यांची वाडी हिरवीगार आहे. दाजी, त्या वाडीत एकोणचाळीस जणांचं बीपी वाढलेलं आहे! मी तिथली आशा सेविका, मीच मोजलंय. झालं असं की वाडीतले पुरुष होडीवर आणि बायका पहाटेच मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात. घरी जावं तर दारात कोंबड्या. म्हणून मी मशीन घेऊन बाजारातच बसले. (एका गिऱ्हाइकाने मला कोलंबीचा भाव विचारला.) पण तुमचं ॲप असं दीडशहाणं की माणूस जिथे मोजला तिथलाच धरतं. म्हणून बाजार लाल आणि वाडी ठणठणीत! इकडे करंजाड्याच्या टॉवरांतली माणसं घरात स्वतःचं मशीन असूनही खाली येऊन रांगेत मोजून घेतात, म्हणून तेही लाल.

मंगळवारच्या मीटिंगमध्ये आमच्या तालुका आरोग्य अधिकारी साहेबांनी वाडीला 'निरोगी वस्ती' म्हणून प्रमाणपत्र दिलं आणि त्याच दमात तिथे दर गुरुवारी येणारी डॉक्टरांची गाडी टॉवरांकडे वळवली. माझं डोकंच फिरलं. तशीच उठले आणि बाजारातून कृष्णाबाईला घेऊन आले. वय पासष्ट, गेल्याच महिन्यात चक्कर येऊन टोपलीसकट पडलेली. तिने सरळ साहेबांच्या टेबलावर हात ठेवला. "मी वाडीची हाय का नाय? मंग मोजा." साहेबांनी स्वतः मोजलं. एकशे नव्वद. पुन्हा मोजलं, एकशे चौऱ्याण्णव. (साहेबांकडे बघून वाढलं असणार.) साहेब तिच्या दंडावरचा पट्टा सोडवत म्हणाले, "आकडे बरोबर आहेत हो, माणसं चुकीच्या जागी आहेत."

"मंग गोल्या तरी बरोबर जागी द्या," कृष्णाबाई म्हणाली.

दिल्या. गाडीही महिनाभर दर गुरुवारी वाडीतच येईल, तसं लिहून घेतलं. पण पुढे काय? तुम्ही ॲपमध्ये राहत्या घराचा पत्ता धरायला लावा, नाहीतर बाजारात बसून मोजलेलं सगळं पाण्यात.

तुमची मेहुणी,
कोमल

ता.क. खरं म्हणजे पत्त्याची मागणी साहेबांच्या सहीने परवाच पुण्याला गेली आहे, तुमच्या टेबलावर येईलच. हे पत्र ताईने लिहायला लावलं. तुमच्या बीपीच्या सतरा गोळ्या तिला तुळशीच्या कुंडीत सापडल्या.

ता.क. दुसरं. आमचे आप्पाही 'मला काय धाड भरलीये' म्हणायचे. ते गेले तेव्हा ताई पंधरा वर्षांची होती. हे ती तुम्हाला बोलून दाखवणार नाही, म्हणून मी लिहिते. आजची गोळी घ्या. अंकितासमोर घ्या.