अकरा जणींची नावं

रेवस, ता. १२ डिसेंबर १९५८

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्या विश्वंभरचा शिरसाष्टांग नमस्कार. म्हसळ्याला सगळे सुखरूप असाल आणि भाऊजींचा दमा थंडीतही आटोक्यात असेल, अशी आशा करतो (मफलर गळ्यात घालायचा असतो, खुंटीवर नाही, असं त्यांना माझ्या वतीने सांग). मी ठणठणीत आहे.

इतिहासाचा प्राध्यापक लाँच कंपनीत काय करतो, असं तू विचारलंस. कंपनीला पन्नास वर्षं होतात, म्हणून तिचा इतिहास लिहितो. मॅनेजर रिसबुडांनी मला समुद्राकडची खोली, पंखा आणि घडीघडीला चहा दिला (आमच्या कॉलेजात पंखा फक्त प्राचार्यांवर फिरतो). परिणाम असा, की वीस वर्षं सनदांखेरीज कशाला हात न लावलेला मी आता जेवताना भरती-ओहोटीवर बोलतो. आणि ज्या रिसबुडांनी जुन्या वह्या बंबात घातल्या होत्या, ते उरलेल्या वह्या स्वतःच्या रुमालाने पुसतात.

त्यांना पहिल्या पानावर एकच वाक्य हवं होतं: पन्नास वर्षांत आमचा एकही उतारू बुडाला नाही. मी आनंदाने लिहिलं. मग १९२६ची वही हाती आली. ओहोटीला लाँच धक्क्यापासून लांब गाळात रुतून कलंडली होती, आणि चाळीस उतारूंना गावच्या कोळणींनी कमरभर चिखलातून पाठुंगळी घेऊन किनाऱ्याला आणलं होतं. रिसबूड म्हणाले, हे वगळू. ताई, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, पंख्याकडे पाहून मीही मान हलवली.

पण दुसऱ्या दिवशी चहा गोड लागेना. शेवटी रिसबुडांनाच घेऊन त्या कोळणींपैकी सोनूबाईंच्या अंगणात गेलो. त्या सुकट निवडत बसल्या होत्या. रिसबुडांनी बत्तीस वर्षांनी कंपनीच्या वतीने आभार मानले आणि तुमचं नाव पुस्तकात घालतो म्हणाले (हे आमचं ठरलं नव्हतं, त्यांच्या तोंडून निसटलं). सोनूबाईंचा हात थांबला नाही.

"माज्या एकटीचं नको," त्या म्हणाल्या. "आमी अकरा जनी हुतो. धा जनी ऱ्हायल्या न्हाईत, पन नावं हायेत."

आणि त्या एकेक नाव सांगत गेल्या. मध्येच माझी शाई संपली, तेव्हा रिसबुडांनी आपलं पेन पुढे केलं. पहिल्या पानावरचं वाक्य तसंच आहे, पण त्याखाली अकरा नावं आहेत, कारण ते त्यांच्यामुळे खरं ठरलं. इतकी वर्षं मी राजांच्या मोहरा वाचत बसलो. चिखलात उभ्या असलेल्या माणसांकडे बघायला मला एका लाँच कंपनीने शिकवलं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

मुलांना आशीर्वाद.

तुझा
विश्वंभर

ता. क. अपघातानंतर केलेली उतारूंची यादी त्याच वहीत आहे. सतरावं नाव आपल्या बाबांचं. त्या दिवशी आपण पोहत किनारा गाठला, असं ते जन्मभर सांगत आले, आणि तू अजून मुलांना सांगतेस. सोनूबाईंना ते आठवतात. "भटजी व्हय? लय जड. डोळं गच्च मिटलं हुतं. पन खाली उतारलं तवा चार लोकांत माज्या पाया पडलं." ताई, एवढं छापायला तुझी परवानगी हवी. पत्र त्यासाठीच लिहिलं.

आणखी ता. क. उत्तराची घाई नाही. ते पान परवाच छापून झालं.