नेम हातभर वर

छत्रपती संभाजीनगर,
३ ऑगस्ट २०२५

ती. आबांस आपली लेक रत्नमाला हिचा सा. न. वि. वि.

होस्टेलात मोबाइल जमा केलेत अन् ऑफिसातल्या फोनवर मला रडू फुटतं, म्हणून पत्र. आबा, मी भौतिकशास्त्रात नापास झाले. गणित असं: वरून पडणाऱ्या मातीच्या ढेकळाला खालून मारलेला खडा लागतो, दोन्ही चिकटतात, लागल्यावर लगेच वेग किती? टकरीत एकूण संवेग तेवढाच राहतो, असा नियम. पण पृथ्वी ओढतेच की! गोफण शिकवताना तुम्हीच म्हणायचा, धोंडा वाटेत खाली येतो, नेम हातभर वर धर. म्हणून मी सेकंदभराची ओढ वजा केली. सरांनी पेपर वर्गाला दाखवला, सगळे हसले.

सतरा तारखेला परत पेपर आहे. मला नाय जमायचं. शेजारच्या कृष्णादादाची जीप पाठवा, मी मेंढरं राखीन. आईला सांगू नका.

रागावा, पण माया कमी करू नका.

तुमची रत्ना

ता. वैजापूर,
८ ऑगस्ट

चि. रत्नास आबाचा आशीर्वाद.

पाकीट तुझ्या आईनंच फोडलं, तवा लपवायचं काय राहिलं नाय. गणित मला कळंना, पण गोफण कळती. काल बाभळीला तेलाचा रिकामा डबा टांगला अन् वीस धोंडे हाणले. तुझी आई म्हणली, ह्या वयात येड लागलं व्हय.

पोरी, धोंडा वाटंत खाली येतो हे खरं. पण डब्याचे पोचे बघ, सगळे गोल. लागताना धोंडा खाली घसरला असता तर लांब ओरखडा उठला असता. तेवढ्यात पडायला त्याला सवडच नाय! नेम वर धरायचा तो वाटंसाठी, लागायच्या घडीसाठी नव्हं. माझंच शिकवणं अर्धं राहिलं, तुझा काय दोष?

जीप सांगून ठेवलीय. यायचं तर ये, घर तुझंच हाय. पण आधी सरांना हे विचार.

जेवत जा, लिहीत जा.

सूर्यभान आबा

छत्रपती संभाजीनगर,
१३ ऑगस्ट

ती. आबांस सा. न. वि. वि.

सरांना विचारलं. त्यांनी गणित फळ्यावर मांडलं. टक्कर सेकंदाच्या हजाराव्या भागात आटपते. तेवढ्यात पृथ्वी वेग बदलून बदलून किती बदलणार, तर सेकंदाला एक सेंटिमीटर. अन् खडा चाललाय सेकंदाला वीस मीटरनं! म्हणून टकरीच्या जरा आधी अन् लगेच नंतर संवेग सारखाच धरायचा. पुढं पृथ्वी आहेच. तुमच्या डब्याची गोष्ट सरांनी वर्गाला सांगितली. कुणी हसलं नाय.

आबा, मला घरची लई ओढ लागते, रोज लागते. पण पेपर तीन तासांचा, तेवढ्यात ती हिशेबात धरायची नाय असं ठरवलंय. जीप आता नको, पोळ्याला पाठवा. डबा भंगारात देऊ नका, मला पोचे बघायचेत.

आईला नमस्कार. तुम्हा दोघांची माया आहे तशीच असू द्या. पेपर सुटला की सगळी धरणार आहे.

तुमची रत्ना