मामापासून जिवाला धोका

करावे, नवी मुंबई

चि. केतन यास,

ज्याच्यापासून तुझ्या जिवाला धोका आहे त्या हिरामणमामाचे तुला अनेक आशीर्वाद. तिकडे इंग्लंडात तू सुखरूप असशील. डावा खांदा आता कसा आहे? तो मी लोखंडी सळईने मोडला असं तुझ्या अर्जाच्या तिसऱ्या पानावर कळलं, म्हणून विचारतो. (इथे आमची सगळ्यांची समजूत अशी होती की तो कबड्डीत निखळला, आणि तुला रिक्षात घालून दवाखान्यात नेणारा मीच होतो. पण अर्जात आलंय म्हणजे आमचंच चुकलं असणार.) तुझी आई बरी आहे. मामी मात्र तुझ्यावर रागावलीय. चौथ्या पानावर ती तुला उपाशी ठेवायची असं आहे. माझ्या सळईचं तिला काही वाटलं नाही, उपाशीचं फार लागलं.

तुझ्या वकिलाचा मेल तुझ्या आईच्या, आमच्या शालनच्या फोनवर मंगळवारी आला. तिला इंग्रजी येत नाही, आणि मला येतं असा गावात समज आहे, म्हणून ती माझ्याकडे धावत आली. मी चष्मा सापडत नाही म्हणालो आणि आमच्या जागृतीला वाचून मराठीत सांगायला बसवलं. अकरा पानं. तुझा शिकायचा व्हिसा संपला आणि तू तिथल्या सरकारकडे आश्रय मागितलास, कारण गावी परतलास तर मामा तुला जिवंत सोडणार नाही. मामा म्हणजे 'करावे परिसरातील राजकीय गुंड'. (मी नगरसेवकपदाला दोनदा उभा राहिलो आणि दोनदा पडलो. अशी ओळख कुणी निवडणुकीच्या आधी करून दिली असती तर निवडून आलो असतो.) पुरावा म्हणून माझ्या गावदेवीच्या मैदानावरच्या भाषणाचा व्हिडिओ जोडलाय, खाली इंग्रजी अक्षरांसकट. त्यात मी माईकवर ओरडतोय की खोटं सांगून दुसऱ्याच्या देशात शिरलेल्या एकेकाला शोधून हाकलून देईन. मी म्हणालो, अगं, हे मी घुसखोरांबद्दल बोलत होतो, केतनबद्दल नाही.

जागृतीने फोनवरची नजर काढली आणि शांतपणे विचारलं, "पप्पा, मग केतन कोण?"

आमचा बाप-लेकीचा वाद तुला ठाऊक आहे. ती म्हणते, ज्याचं घर जळलं त्याने दार वाजवलं तर आधी आत घ्यावं, मग कागद बघावेत. मी म्हणतो, बांधाला एक खांड पडू दिली की खाडीचं पाणी सगळं शेत खारं करतं. (शेत आता राहिलेलं नाही. शहर वसवायला सरकारने घेतलं आणि त्या शहरात आम्ही आता 'गाववाले' आहोत. पण म्हण आमच्याकडे राहिली.) त्या दिवशी ती वाद घालायला आली नाही. ती सातवं पान वाचत होती.

सातव्या पानावर तू दोन दिवस खाडीच्या चिखलात उलट्या होडीखाली लपलास. तोंडात कापड कोंबून, रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. जागृतीने ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. शालनने डोक्यावरचा पदर तोंडाशी धरला. मीही ओळखलं. ती गोष्ट तुझी नाही, केतन. ती हुदाची आहे.

हुदा आपल्या चाळीत मागच्या खोलीत राहायची, पावणे गावातल्या एका कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवायला जायची. तिच्या देशात तिच्या गावाला आग लावली तेव्हा बापाने तिला होडीखाली लपवलं आणि तो परत आलाच नाही. हे तिने कोलंबी सोलता सोलता तुझ्या आईला सांगितलं होतं, आणि तू बाजूला बसून ऐकत होतास. मला वाटायचं, पोरगा मोबाइलवर आहे.

तू गेल्यावर इकडे काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. भाडेकरूंची तपासणी करा म्हणून आमच्या मंचाने मोर्चा काढला आणि पोलिसांना यादी दिली, प्रत्येक नावामागे एक अर्ज जोडून. दुसऱ्याच्या चाळीतली नावं घालायची तर आधी आपल्या चाळीतलं एक घालावं, म्हणून पहिलं नाव हुदाचं घातलं. तिच्याकडे निर्वासितांचं काम बघणाऱ्या कुठल्याशा आंतरराष्ट्रीय कार्यालयाचं कार्ड होतं. मी म्हणालो, हे आपल्या सरकारचं नाही. होडीची गोष्टही मी सभेत सांगितली, हे लोक असल्या गोष्टी पाठ करून येतात म्हणून. लोक हसले. मी नक्कल बरी करतो. पोलिसांनी तिला नेलं आणि चार दिवसांनी सोडलं. ती आली, सामान बांधलं, खोली झाडली, ओट्यावरून ओलं फडकं फिरवलं आणि गेली. हाकलून दिलेलं माणूस जाताना ओटा पुसतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तरीही मी संध्याकाळी मंचाने ठेवलेल्या माझ्या सत्काराला गेलो.

आता तुझा वकील म्हणतो, 'सदर मामाकडून आलेली एखादी लेखी धमकी' मिळाली तर प्रकरण भक्कम होईल. मी सरळ नाही म्हणालो. माझीही काही तत्त्वं आहेत, माईकवर बोललेली. शालन दोन दिवस आमच्या ओटीवर येऊन बसली. जेवायची नाही, बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली,

"दादा, गावासाठी वाईट झालास ना? मंग माझ्या पोरासाठी एक डाव नाय व्हनार?"

मी कागद घेऊन बसलो. 'केतन, परत आलास तर' एवढं झोकात लिहिलं आणि पुढे काही केल्या धमकी येईना. परत आलास तर खाडीतल्या निवट्यांचं कालवण करू, असलंच सुचायला लागलं. तीन कागद फाडले. शेवटी हुदाविरुद्ध पोलिसांना दिलेला अर्ज कपाटातून काढला, त्यातलं नाव बदललं आणि बाकी मजकूर जसाच्या तसा उतरवला. जागृतीने वाचला आणि म्हणाली, याने कुणीही घाबरेल. तो सोबत जोडला आहे, मंचाच्या शिक्क्यासह.

थंडी फार असेल, कानाला बांधत जा.

तुझा, अर्जापुरता वैरी,
हिरामणमामा

ता. क. वकिलाला सांगून सातवं पान दुरुस्त करून घे. करावेच्या खाडीला दिवसातून दोनदा भरती येते. चिखलातल्या होडीखाली दोन दिवस राहिलास तर तू तरंगत बेलापूरला लागशील, आणि तिथल्या साहेबाने भरतीचं वेळापत्रक मागवलं तर संपलं. होडी धक्क्यावर वर ओढून ठेवलेली होती, असं लिही.

ता. क. दुसरा. हुदाचा नंबर तुझ्याकडे असेल तर जागृतीला पाठव. ती तिला शोधते आहे. मला पाठवू नकोस. पुढच्या महिन्यात पुन्हा मोर्चा आहे आणि मी अजून 'येणार नाही' म्हणालेलो नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. जागृतीने शेवटचं पान फक्त मला वाचून दाखवलं. अर्ज मंजूर झाला तर तुला इकडे येता येणार नाही. आलास तर धोका खोटा ठरतो आणि आश्रय जातो. आईच्या आजारपणाला नाही, आणि त्याच्या पुढच्या कशालाही नाही. शालन तुझा अर्ज मंजूर व्हावा म्हणून रोज गावदेवीला नारळ ठेवते. तिला हे तू सांग. माझ्याने होणार नाही.