अर्धी गोळी

मंगळवार, दिवेलागण

डॉक्टरांनी आज मला चांगलंच झापलं. बरोबरच आहे म्हणा. भाऊजी आणि त्यांची बहीण सुनंदा, दोघांनाही भास होतात, गोळीही एकच. भाऊजींना पूर्ण लिहिली होती, तिला अर्धी. या घरात मासळीचा तुकडासुद्धा पोरीला लहान, आता औषधातही तेच? सासूबाई म्हणत होत्या, "लिहिलंय तेवढीच दे गो." मी ऐकते कसली! महिनाभर पूर्ण दिली. ती दिवसभर पेंगायची, हातातून कप सुटायचा. मला वाटलं, आजारच वाढला.

डॉक्टर म्हणाले, "बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश निघतं, साठत जातं. घरात बिडी कोण ओढतं?" मला हसूच आलं. मानकोलीच्या गोडाऊनमध्ये भाऊजींची शिफ्ट बिडीवरच चालते. तर त्या धुरामुळे औषध अंगातून लवकर जातं म्हणे! बिडीचा आणि डोक्याच्या गोळीचा काय संबंध? आणि भाऊजींनी बिडी सोडली तर? हे विचारायचंच राहिलं.

आत्ता सुरीने गोळीचे दोन तुकडे केले. सुनंदा बघत होती. "वहिनी, मला अर्धीच का?"

असं विचारायला तिला मीच शिकवलं होतं.