पावसाची सूट

३ नोव्हेंबर, सोमवार
बाबा गेल्यानंतरचं पहिलं लेक्चर. विद्यार्थी दबक्या आवाजात सॉरी म्हणाले, मी थँक यू म्हणाले. काही वाटलं नाही.

विषय नेहमीचाच – प्राचीन चीनमधली शेतकऱ्यांची बंडं. चेन शेंग, साधा शेतमजूर. छिन राजवटीने सक्तीने सरहद्दीवर धाडलेल्या नऊशे जणांत हा एक. वाटेत पाऊस, रस्ते पाण्याखाली. वेळेत पोचणं अशक्य, आणि उशिराला शिक्षा मरणाची. तो म्हणाला, नाहीतरी मरायचंच आहे, मग बंड करूनच मरू. झाडं तोडून त्यांनी हत्यारं केली.

आवाज नीट निघाला. बाकी मी तिथे नव्हते.

५ नोव्हेंबर, बुधवार
दादा फ्युनरलला आला नाही. आईने मेसेज केला होता. उत्तर एका शब्दाचं – ‘कळलं’.

परीक्षितदादा सतराव्या वर्षी घरातून गेला. बाबा हाडांचे सर्जन. वॉर्डात दरारा, घरात त्याहून जास्त. आठच्या आत घरात, नाहीतर दार बंद. त्या संध्याकाळी दादा ट्रेनने शेजारच्या न्यूपोर्टला मॅच बघायला गेला होता. रुळांवर पाणी आलं, ट्रेन अडकल्या. तो घरी आलाच नाही. सकाळी मित्राकडून फोन – ‘मी आता येत नाही.’ मग लीड्स, नोकरी, लग्न. सगळं कुणाकुणाकडून कळलेलं. बाबांनी पुन्हा त्याचं नाव घेतलं नाही. आम्हीही नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
ब्रिस्टलहून सकाळच्या ट्रेनने कार्डिफला, आईकडे. बाबांचे कोट चॅरिटी शॉपसाठी पिशव्यांत भरत होतो. आई एकदम म्हणाली, “त्या दिवशी ह्यांनी दार लावलंच नव्हतं.”

“कुठल्या दिवशी?”

“परी गेला तेव्हा. रेडिओवर ट्रेनचं सांगितलं ना. म्हणाले, पावसाला पोरगा काय करणार. दार नुसतं लोटून ठेवलं आणि हॉलमध्ये खुर्ची टाकून बसले.”

“मग दादाला कळवलं का नाहीस?”

“मला म्हणाले, तू मध्ये पडू नकोस. त्याचा तो येईल.”

मी पिशवीला गाठ मारली. पुढची घेतली.

१० नोव्हेंबर, सोमवार
आज कायद्याचं लेक्चर. एका छिन अधिकाऱ्याच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्या सापडल्या, त्यांवर नियम लिहिलेले. सक्तीच्या कामाला उशीर झाला तर बोलणी किंवा दंड. मरण नाही. पाऊस असेल तर चक्क सूट. सरहद्दीवरच्या सैनिकांना हे लागू होतं का, यावर वाद आहे.

लिन पहिल्या रांगेत बसते. तिने विचारलं, “मग चेन शेंगला कायदा माहीत नव्हता?”

“माहीत असेलही. तो तुकडीचा मुकादम होता.”

“म्हणजे त्याने बाकीच्यांना खोटं सांगितलं?”

मी म्हटलं, ठरवता येत नाही. पुढची स्लाइड लावली. घरी येताना दोन बस सोडल्या. मुद्दाम नाही. बस थांबवायला हात वर झाला नाही.

१२ नोव्हेंबर
दादाला सांगायला हवं. फोन केला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
केला. आवाज अगदी बाबांसारखा. मागे त्याची मुलगी काहीतरी विचारत होती. “एक मिनिट, दिया,” म्हणाला आणि दुसऱ्या खोलीत गेला.

आईने सांगितलेलं सगळं सांगितलं – रेडिओ, खुर्ची, दार. मला वाटलं, तो रडत असेल. शेवटी म्हणाला, “आईला सांग, पुढच्या रविवारी येतो.”

मग मी भांडी घासली. एवढी वर्षं एका उघड्या दाराबाहेर गेली त्याची, असं मनात आलं. आलं आणि गेलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
दादा आला. केस पिकलेत. आई चहा करायला आत गेली तेव्हा हळूच म्हणाला, “वैजू, मी आलो होतो त्या दिवशी. दार ढकलून बघितलं, उघडं होतं. बाबा खुर्चीतच झोपले होते. मी दार परत ओढून घेतलं.”

“का?”

“आत गेलो असतो तर त्यांनी माफ केलं असतं. मग राहावं लागलं असतं.”