काढलं तर काय होईल?

रविवार, १२ एप्रिल
दुपारी तीन

प्रिय ताई,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. इकडे आम्ही दोघं ठीक. माझी कंबर अधूनमधून कुरकुरते, पण सुताराची कंबर गप्प बसली तरच काळजी करायची. हिचा खोकला एकदाचा गेला. तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालतो.

अंगणात आपलं चाकांवरचं घर, तो ट्रेलर, उभा आहे, त्याच्याच सावलीत खुर्ची टाकून लिहितोय. वारा अगदी मंद. आतले पडदे हळूच फुगतात, हळूच बसतात; वाटतं, आत कुणीतरी गाढ झोपलंय. खिडकीच्या जाळीवर एक माशी केव्हाची गुणगुणतेय. ही दोनदा डोकावून म्हणाली, "मन त्या डब्यातच अडकलंय ना तुमचं, मग राहायलाच जा तिथे." मी हसलो, पण उठलो नाही.

विचारायचं ते हे, की या सुट्टीत मुलांना पाठवशील का? ट्रेलर आता पोरांना पुरून उरेल असा केलाय. शेगडीच्या बटणांवर झाकण बसवलं. सिलिंडरच्या कप्प्याला कुलूप लावलं, किल्ली माझ्या गळ्यात. दाराला आतून, मुलांचा हात पोचेल अशी कडी लावली, म्हणजे कुणी अडकायला नको. वरच्या बिछान्याला कठडा केला, पायऱ्यांच्या कडा घासून गोल केल्या. बोट अडकेल अशी फट राहिली नाही ना, ते करंगळी घालून तपासलं. मग आठवलं, माझी करंगळी म्हणजे धाकट्याचा अंगठा! तेव्हा शेजारची छोटी बोलावली आणि तिच्या बोटांनी सगळं पुन्हा तपासलं. शिवाय ट्रेलर गाडीला जोडताना-सोडताना मुलांनी हिचा हात धरून लांब उभं राहायचं, हा नियम. चाकांखालच्या पाचरींना लाल रंग दिलाय.

पाचरींचं पुढे लिहितो.

तू लिहिलंस, थोरली आता शहाणी झालीय. वर्गात एक प्रश्न विचारत नाही, सांगितलं तेवढं करते, बाई खूश आहेत. तूही खुशीतच लिहिलंस. मला मात्र ती ओळ वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही. ताई, हीच ना आपली चौकशीबाई? गेल्या वर्षी आल्या आल्या ट्रेलरखाली पालथी पडली होती. "मामा, बेसिनचं पाणी कुठे जातं? मामा, आपण झोपल्यावर चाकंपण झोपतात का?" नवा फ्रॉक ग्रीसने काळा झाला म्हणून तू माझ्यावरच उखडली होतीस.

आणि मग तळ्याकाठचा तो दिवस. सकाळी ती चाकापाशी उकिडवी बसली आणि पाचरीकडे बोट दाखवून म्हणाली, "मामा, ही काढली तर काय होईल?" मी खेकसलो, "हात लावलास तर याद राख!" तुम्ही सगळ्यांनी ते ऐकलं होतं.

दुपारी मुलं आत झोपली होती, आपण झाडाखाली पेंगत होतो. तेव्हा ट्रेलर निघाला. मला ते अजून स्वप्नासारखं दिसतं. आवाज म्हणून नाही. पडद्याचं टोक खिडकीबाहेर आलं आणि आपलं पांढरं घर गवतावरून सावकाश तळ्याकडे चालायला लागलं, एखादी म्हातारी पाणी आणायला निघावी तसं. क्षणभर मला ते सुंदर वाटलं, ताई. याची मला अजून लाज वाटते. मग तू किंचाळलीस.

काठच्या चिखलात रुतून ते थांबलं. पाणी तिथून चार पावलांवर होतं. धाकट्याच्या हनुवटीला दोन टाके पडले, तेवढ्यावर निभावलं. थोरली दारात उभी होती आणि आपण सगळे तिच्याकडे बघत होतो. "तू काढलीस ना पाचर?" तू विचारलंस. तिने बराच वेळ आठवून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "काढली असेल मी."

पाचर मी काढली होती.

जेवण झाल्यावर झाडाखाली चहाला बसलो तेव्हा घडीचं टेबल डुगडुगत होतं. तुम्हाला कुणाला ते जाणवलंही नसेल. मला डुगडुगणारं टेबल बघवत नाही, तीस वर्षांची खोड आहे ही. हाताशी काही मिळतं का बघितलं, तर चाकाखालची पाचर दिसली. माझ्याच हातची, अगदी हव्या त्या मापाची. जुन्या ब्रेकचा भरवसा नाही म्हणून मीच त्या पाचरी केल्या होत्या, पण त्या घडीला मला फक्त टेबल दिसत होतं. पाचर पायाखाली सारली. टेबल ठाम उभं राहिलं आणि मी खूश होऊन दुसरा कप घेतला.

संध्याकाळी टेबल मिटताना ती हातात आली. तू तेव्हा पलीकडे थोरलीला समोर बसवून समजावत होतीस. ती मान खाली घालून "हो आई, हो आई" म्हणत होती. मी पाचर खिशात घातली. उद्या सांगू म्हटलं आणि त्या उद्याचं वर्ष झालं. तू मुलांना पुन्हा माझ्या दारात पाठवणार नाहीस, याला भ्यालो. माझी चूक त्या एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर ठेवली आणि मी इकडे कड्या बसवत राहिलो.

मुलांना पाठवायचं की नाही, ते तू ठरव. हवी तितकी रागाव, वर्षभर बोलू नकोस. पण सोबतची चिठ्ठी तिला आजच दे. तिच्या हातात दे, तिची तिला वाचू दे.

तुझा भाऊ

—

चौकशीबाई,

तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी ओरडलो होतो. प्रश्न चांगला होता. उत्तर द्यायला मी वर्ष लावलं.

पाचर काढली तर घर चालायला लागतं. मला माहीत आहे, कारण ती मी काढली. तू नाही. तू हातही लावला नव्हतास. मी ती काढून टेबलाच्या पायाखाली घातली आणि नंतर गप्प बसलो. आईला सगळं लिहिलंय.

आता पाचरी लाल आहेत आणि दोरीने ट्रेलरला बांधल्यात. मुलांपासून नव्हे, माझ्यापासून सांभाळायला. टेबल अजून डुगडुगतं. डुगडुगू दे.

चाकं झोपतात का, ते मला अजून ठाऊक नाही. तू पुन्हा विचारशील का?

ज्याने पाचर काढली तो,
तुझा मामा